अखुवत

पाकिस्तानातील बिनव्याजी लघुकर्ज देणारी संस्था. स्थापना लाहोर येथे, २००१. संस्थापक डॉ. मुहम्मद अमजद साकिब हे वैद्यकीय पदवीधर व माजी सनदी अधिकारी. मक्केहून परागंदा होऊन आलेल्यांना मदीनावासीयांनी भाऊ मानून आपल्या मिळकतीत वाटेकरी केले, ही संस्थेची प्रेरणा. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, एका विधवेला दिलेले. तिला दान नको होते, उसने भांडवल हवे होते. ते तिने फेडलेही.

तारण घेतले जात नाही, ओळखीच्या माणसांचा जामीन पुरतो. शिलाई यंत्र, भाजीची हातगाडी, लहानसे दुकान अशा कामांसाठी रक्कम मिळते. वाटप मशिदीत होते, तसेच चर्चमध्ये आणि मंदिरांतही. त्यामुळे कार्यालयाचा खर्च वाचतो. अर्जदाराचा धर्म विचारात घेतला जात नाही. अल्पसंख्याकांवर वारंवार हल्ले झालेल्या देशात या साध्या रीतीचे मोल सर्वधर्मपरिषदांच्या ठरावांहून निश्चितच मोठे आहे. परतफेड ९९ टक्क्यांच्या आसपास असून, कर्ज फेडलेले अनेकजण पुढे स्वतः देणगीदार होतात. साकिब यांना २०२१ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.