त्यागपूर्वक दान (ख्रिस्ती धर्म)

त्यागपूर्वक दान ही ख्रिस्ती जीवनाचरणातील एक संकल्पना आहे. स्वतःच्या गरजा भागल्यानंतर उरलेल्यातून दिलेले दान आणि स्वतःची गरज बाजूला सारून दिलेले दान यांत ती भेद करते. दान केवळ पैशाचे नसते. वेळ, श्रम, सुरक्षितता व प्रतिष्ठा यांचाही त्यात समावेश होतो.

शास्त्राधार

जुन्या करारात उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, देण्याचा नियम आहे. नव्या करारात प्रमाणापेक्षा वृत्तीला महत्त्व येते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेचा प्रसंग आहे. धनवानांनी पुष्कळ दिले, तरी तिने आपली सारी उपजीविकाच दिल्यामुळे येशू तिचे दान श्रेष्ठ मानतो. दान स्वेच्छेने व आनंदाने द्यावे, असे पौल करिंथ येथील मंडळीला कळवतो. प्रीतीवाचून केलेला सर्वस्वाचा त्यागही तो व्यर्थ ठरवतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवांना आश्रय दिला. त्यातून केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती मिशनचे कार्य विस्तारले.

कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी व तिच्यासोबत मिळणारे नियमित वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. अशा त्यागाचा भार कुटुंबावरही पडतो. हाती आलेला पैसा गरजूंना देऊन टाकणारे टिळक आणि त्यामुळे होणारी संसाराची ओढाताण यांचे चित्रण लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आढळते. स्वतः लक्ष्मीबाईंनीही निराधार मुलांना घरात आसरा दिला. दात्याचा त्याग इतरांवर लादला जातो का, हा प्रश्न त्यामुळे या संकल्पनेच्या विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

आचरण

कॅथलिक परंपरेत राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या उपवासकाळात प्रार्थना, उपवास व दानधर्म ही तीन कर्तव्ये सांगितली आहेत. उपवासाने वाचलेले अन्न किंवा पैसे गरजूंना देणे, हा त्यांतील दुवा होय. मुंबई महाधर्मप्रांतात मोडणाऱ्या भाईंदर व उत्तन परिसरातील कॅथलिक समाजही हा काळ पाळतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत दशमांश, उपासनेतील अर्पण व हंगामाच्या वेळचे उपकारस्तुतीचे दान या प्रथा आढळतात.

हेही पहा

दशमांश, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक