बेने इस्रायलांची उत्पत्तिकथा आणि माहितीपटांची साक्ष

प्रस्तुत लेखकाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं वडगांवीं घरीं येऊन एक लहानसा माहितीपट दाखविला. विषय कोंकणांतील बेने इस्रायल लोकांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा होता. एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, स्वर्गीं जातांना त्याच्या रथाचा ठसा ज्या खडकावर उमटला तो खडक खंडाळ्यास आहे, असें निवेदक सांगत होता. आणि पडद्यावर दिसत होता आमच्या बोरघाटांतील नागफणीचा कडा! परंपरेंतील खंडाळें अलिबागजवळचें आहे. घाटमाथ्यावरचा खंडाळा निराळा. दोहोंच्या मध्यें सबंध सह्याद्रि उभा आहे. एखाद्या यादींत अथवा महजरांत असा स्थलविपर्यास आढळला, तर आपण त्या कागदावर तत्काळ संशयाची खूण करतों. चित्रास मात्र कोणी जाब विचारीत नाहीं.

ही चूक क्षुल्लक आहे व दुरुस्त होण्याजोगी आहे. परंतु तिच्यामुळें एका मोठ्या प्रश्नाकडे लक्ष वेधलें. यहुदी लोकांचे पूर्वज कोण, ते कोठून व केव्हां आले, याविषयींचे वाद आतां ग्रंथांइतकेच माहितीपटांतून चालतात. दक्षिण आफ्रिकेंतील लेंबा लोकांच्या यहुदी वंशाच्या दाव्यावर २००० सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीनें दाखविलेला माहितीपट जगभर गाजला. बेने इस्रायलांवर सादिया शेपर्ड यांचा माहितीपट २००८ सालीं झाला. अशा कृतींचें प्रामाण्य कोणत्या कसोटीनें ठरवावें, याचा विचार करणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ कथा पाहूं. पूर्वीच्या कुलाबा, हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत नवगांवच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, धर्मग्रंथ बुडाले, वांचलेल्यांनीं तेलाचा धंदा पत्करिला, शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. पुढें दावीद रहाबी नांवाच्या पुरुषानें त्यांस ओळखून धर्माचें शिक्षण दिलें. ही कथा हाईम सामुएल किहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेल्या व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापलेल्या इतिहासांत विस्तारानें आहे. आगमनाचा काल त्यांनीं इसवी सनापूर्वीं १७५ च्या सुमारास धरला. त्यांच्या प्रमुख आधारांपैकीं एक असा कीं, त्यानंतर लवकरच सुरू झालेला हनुक्का सण या लोकांस ठाऊक नव्हता.

किहीमकरांची निष्ठा व परिश्रम वंदनीय आहेत. त्यांच्यावांचून पुष्कळ माहिती नष्ट झाली असती. तथापि हा आधार अभावाचा आहे. ज्यांचे ग्रंथच बुडाले असें कथा सांगते, त्यांस एखादा सण ठाऊक नसणें हें त्या सणापूर्वीं ते निघाल्याचें गमक होत नाहीं; विस्मरणानेंही तेंच घडतें. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा हेतु अनैकांतिक होय.

आतां कागद काय सांगतात तें उलट क्रमानें पाहूं. १७९६ सालीं सामुएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत प्रार्थनामंदिर बांधिलें. येथून इतिहास उजेडांत आहे. १७६८ सालीं कोचीनच्या इझिकेल रहाबीनें ॲम्स्टरडॅम येथें धाडलेल्या पत्रांत कोंकणांतील या लोकांचा, त्यांच्या तेलाच्या धंद्याचा व शब्बाथपालनाचा उल्लेख आहे. १७३८ सालीं सार्टोरियस नामक मिशनऱ्यानेंही आपल्या पत्रांत त्यांची वार्ता दिली आहे. या इझिकेलाचा पुत्र दावीद हाही रहाबीच होता; म्हणून परंपरा ज्या दावीद रहाबीस कित्येक शतकें मागें नेते, तो वस्तुतः १८ व्या शतकांतील असावा, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे.

त्यापूर्वींचे आधार विरळ व संदिग्ध आहेत. इसवी सन १२०० च्या सुमारास मैमोनिदेस या यहुदी पंडितानें हिंदुस्थानांतील यहुद्यांस शब्बाथ व सुंता यांपलीकडे फारसें ज्ञान नाहीं असें लिहिलें. परंतु ते कोणते यहुदी हें तो सांगत नाहीं. १३ व्या शतकांतील कझविनी हा एका जुन्या प्रवाशाच्या आधारें सैमूर, म्हणजे आपलें चौल, येथें मुसलमान, ख्रिस्ती, अग्निपूजक व यहुदी राहतात असें सांगतो. चौलांत यहुदी होते एवढें त्यावरून दिसतें; ते याच लोकांचे पूर्वज होते असें ठरत नाहीं.

त्याहून मागें गेल्यास आमच्या मावळांतील कार्ल्याचें लेणें साक्षीस येतें. तेथील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचे लेख आहेत. चौलच्या बंदरांतून घाट चढून देशावर जाणाऱ्या मार्गाचा आणि परदेशीयांच्या वावराचा तो पुरावा होय. दोन हजार वर्षांपूर्वीं पश्चिमेकडील गलबत या किनाऱ्यास लागणें शक्य होतें, हें यावरून सिद्ध होतें. परंतु शक्यता निराळी व घटना निराळी. माहितीपटांत हा भेद राखणें कठीण पडतें. लाटा दिसतात, मावळता सूर्य दिसतो, निवेदक कथा सांगतो. आणि जें शक्य तें प्रेक्षकास प्रत्यक्ष वाटूं लागतें. ग्रंथांत "असावें" हें एक क्रियापद पुरतें. चित्रांत त्यास प्रतिशब्द नाहीं.

याच कथेचें दुसरें टोंक आमच्यांतील कित्येकांस रुचणारें नाहीं. परशुरामानें समुद्रकांठीं आलेलीं चौदा प्रेतें चितेवर शुद्ध करून चित्पावन निर्माण केले, अशी एक लोककथा आहे. दोन्हीं कथांत किनारा तोच व संख्याही तीच. म्हणून चित्पावन हे मूळचे यहुदी, असा तर्क अधूनमधून डोकें वर काढतो. येथें पाठ पाहणें अवश्य आहे. जे. गर्सन दा कुन्हा यांनीं १८७७ सालीं छापलेल्या सह्याद्रिखंडांत कथा आहे ती चितेजवळ आलेल्या कैवर्तकांस ब्राह्मण्य दिल्याची. चौदा हा आंकडा चित्पावनांच्या गोत्रांचाही आहे. चित्पावन शब्दाची चितेवरून केलेली फोड ही शब्दावरून कथा रचण्याच्या पौराणिक पद्धतीची दिसते. दोन कथांचें साम्य त्या एका किनाऱ्यावर नांदल्याचें दाखवितें. दोन कुळें एक असल्याचें नव्हे. एका कथेस "पुराण" म्हणून सोडणें व दुसरीस "इतिहास" म्हणून धरणें, हा पंक्तिप्रपंच संशोधकानें कोणत्याही बाजूनें करूं नये.

अलीकडे रक्तपरीक्षेचा नवा आधार पुढें आला आहे. २००२ सालीं वृत्तपत्रांनीं बेने इस्रायलांची परंपरा विज्ञानानें सिद्ध झाल्याचा गाजावाजा केला; अशा संशोधनाचा व प्रसिद्धीमाध्यमांचा परस्परांवर काय परिणाम होतो, याची चिकित्सा ट्यूडर पार्फिट व यूलिया येगोरोवा यांनीं २००६ सालच्या ग्रंथांत केली आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासांत या लोकांत यहुदी व भारतीय असे दोन्हीं अंश लक्षणीय प्रमाणांत आढळले, आणि त्यांचें मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं, म्हणजे सुमारें ६५० ते १०५० वर्षांपूर्वीं झालें असावें असें अनुमान निघालें. यावरून परकीय यहुदी पूर्वजांची परंपरा निराधार नाहीं हें ठरतें, आणि ही गोष्ट लहान नव्हे. परंतु हा काल मिश्रणाचा आहे, आगमनाचा नव्हे. इसवी सनापूर्वींचें १७५ हें वर्ष त्यानें सिद्धही होत नाहीं व खोडलेंही जात नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असें कोणी समजूं नये. स्वातंत्र्यानंतर बेने इस्रायलांपैकीं बहुसंख्य कुटुंबें इस्रायल देशीं गेलीं. तेथें इतर यहुद्यांशीं त्यांचे विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, अशी आज्ञा मुख्य धर्मपीठानें १९६२ सालीं काढली. ज्यांच्या आज्यापणज्यांनीं रायगडच्या खेड्यांत घाण्यावर बसूनही शनिवार मोडला नाहीं, त्यांच्याजवळ वंशाचा दाखला मागण्यांत आला! मोठें आंदोलन झालें, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर केल्यावर ती आज्ञा बदलण्यांत आली. उत्पत्तिकथा हेंच ज्यांच्या हक्काचें प्रमाण मानलें जातें, त्यांचें लग्न, घर व मान त्या कथेवर टांगलेले राहतात. म्हणून तिच्यांत पदरची भर घालणारा मित्र हा तिची थट्टा करणाऱ्या शत्रूइतकाच घातक ठरतो. कारण भर उघडी पडतांच खरा भागही संशयांत सांपडतो.

मग माहितीपट टाकाऊ मानावे काय? मुळींच नाहीं. आपण बखरींस जी कसोटी लावतों तीच येथें लावावी. शंभर वर्षांपूर्वींच्या लढाईविषयीं बखर दुय्यम पुरावा होय. परंतु ती ज्या काळीं लिहिली गेली त्या काळच्या समजुतींचा तीच अव्वल पुरावा होय. माहितीपट प्राचीन आगमनाविषयीं कांहींच सिद्ध करूं शकत नाहीं. पण २००८ सालीं प्रार्थना कोणत्या चालीवर म्हणत, वृद्ध स्त्रिया कोणत्या मराठींत बोलत, मलिदा कसा मांडीत, याविषयीं त्याच्याइतका साक्षी नाहीं. निवेदकाचा शब्द, नटांनीं वठविलेला प्रसंग व प्रत्यक्ष टिपलेलें दृश्य हीं तीन वेगळीं करून प्रत्येकाची किंमत वेगळी ठरवावी. "यहुदी" हा एकच शब्द ऐकून सर्वांस एका कुळींत घालूं नये, हेंही पथ्य पाळावें. २०१७ सालच्या "शालोम बॉलिवूड" या माहितीपटांतील नटमंडळींत सुलोचना, प्रमिला व नादिरा या बगदादी घराण्यांतील, तर डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे बेने इस्रायल. चेऊलकर या आडनांवांतच चौल आहे.

आणि खरा पुरावा तोच आहे. किहीमकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर, रोहेकर, तळकर हीं आडनांवें एकत्र ठेविलीं कीं या लोकांच्या वस्तीचा नकाशा उभा राहतो, आणि तो कोणत्याही गलबतापेक्षां भक्कम आहे. १८७४ सालीं पुण्यास छापलेली मराठी भाषांतरासह हग्गादा ही वल्हांडणाची पोथी, १८८० च्या सुमारास सुरू झालेलीं बेने इस्रायल कीर्तनें, रेवदंडा, अलिबाग व पनवेल येथील प्रार्थनामंदिरांची दप्तरें, खेड्यापाड्यांतील थडग्यांवरील मराठी व इब्री लेख, हीं सर्व आपल्या आटोक्यांतील साधनें आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली, ती योग्यच झाली. परंतु थडग्यावरचें अक्षर त्यानें टिकत नाहीं, तें दर पावसाळ्यांत झिजत आहे.

ज्या संग्राहकांजवळ अशा पोथ्या, विवाहपत्रें अथवा कीर्तनांच्या चोपड्या असतील, त्यांनीं त्यांच्या नकला अगर छायाचित्रें मंडळाकडे धाडावीं, आणि प्रत्येकाखालीं गांव व तालुका स्पष्ट लिहावा, एवढी विनंति आहे. म्हणजे पुढें कोणी चित्रें घेण्यास निघाला, तर तो खंडाळें शोधीत बोरघाट चढणार नाहीं.