तात्पुरते म्हणून आले आणि टिकले : एर्नेट आणि जाळ्यावरील देखरेखीचा इतिहास

भारतातील इंटरनेटचा इतिहास सांगताना बहुधा १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख दिली जाते. त्या दिवशी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी सेवा सुरू केली. परंतु त्याआधी जवळजवळ एक दशक देशातील काही मोजक्या संस्थांमध्ये संगणकांचे जाळे उभे राहत होते. कोणती उपकरणे बसवायची, ती कशी जुळवायची आणि त्यांच्यावर लक्ष कसे ठेवायचे, या प्रश्नांची उत्तरे त्या काळात शोधली गेली. त्यांपैकी काही उत्तरे तेव्हा केवळ तात्पुरती मानली जात होती.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘एज्युकेशन अँड रिसर्च नेटवर्क’ अर्थात एर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी), बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी आणि दिल्लीतील खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ सहभागी होते. एनसीएसटीची धुरा श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होती. पुढे २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

प्रारंभीची देवाणघेवाण साध्या टेलिफोन लाइनवरून होई. एक संगणक मोडेमद्वारे दुसऱ्याला फोन लावी, साठलेला ई-पत्रव्यवहार पोहोचता करी, तिकडचा उचलून घेई आणि लाइन बंद करी. दिल्ली व मुंबई यांच्यातील पहिली कायमस्वरूपी लीज्ड लाइन १९९१ च्या जानेवारीत सुरू झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे १,२०० बाइट. आजच्या मोबाइलवरील तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या लाइनवरून पाठवायचे तर सुमारे ४२ मिनिटे लागली असती, आणि तेही लाइन दुसऱ्या कोणी वापरत नसेल तर. १९९२ पर्यंत सर्व आठही संस्था अशा लाइनींनी जोडल्या गेल्या आणि त्याच वर्षी मुंबईहून अमेरिकेकडे ६४ किलोबिटचा दुवा सुरू झाला.

या जाळ्यात एक गोष्ट विशेष होती. त्यावर दोन भिन्न नियमसंच एकाच वेळी चालत. एक टीसीपी-आयपी आणि दुसरा ओएसआय. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आश्रयाने तयार होत असलेला ओएसआय हाच भविष्याचा मार्ग आहे, असे अनेक देशांच्या सरकारांचे मत होते. अमेरिकेनेही १९८८ मध्ये आपल्या सरकारी खात्यांसाठी ओएसआयवर आधारित धोरण जाहीर केले. टीसीपी-आयपी प्रत्यक्षात चालत होते खरे, पण ते संक्रमणकाळापुरते आहे असे समजले जाई. एर्नेटने दोन्ही दरवाजे उघडे ठेवले. १९९५ च्या सुमारास निकाल स्पष्ट झाला होता : जाळ्यावरील जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी-आयपीवरून होऊ लागली होती.

हेच नाट्य देखरेखीच्या क्षेत्रातही घडले. जाळे लहान असताना बिघाड शोधणे अनुभवी माणसांच्या अंदाजावर सोडता येत होते. पण २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील आर्पानेट कित्येक तास निकामी झाले. एका यंत्राच्या स्मृतीतील काही बिट गळाले आणि एकाच स्थितिसंदेशाच्या तीन निरनिराळ्या क्रमांकांच्या आवृत्त्या जाळ्यात पसरल्या. क्रमांक घड्याळाच्या तबकडीप्रमाणे चक्राकार असल्याने तिघांपैकी प्रत्येक आवृत्ती दुसऱ्या एकीपेक्षा ‘नवी’ ठरत होती. यंत्रे त्या एकमेकींना अखंड पुढे पाठवत राहिली आणि त्यातच गुंतून पडली. पुढे १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे एर्नेटच्या प्रारंभवर्षातच, कॅलिफोर्नियात बर्कली येथे अवघ्या ४०० यार्डांवर असलेल्या दोन ठिकाणांमधील वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटपर्यंत घसरला. एकही तार तुटलेली नव्हती. गर्दीमुळे पाकिटे गळत होती आणि संगणक तीच पाकिटे पुनःपुन्हा पाठवून गर्दी आणखी वाढवत होते. जाळ्याच्या आत काय चालले आहे हे मोजण्याची सोय हवी, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज उरली नाही.

नोव्हेंबर १९८७ मध्ये जेफ्री केस, जेम्स डेव्हिन, मार्क फेडोर आणि मार्टिन शॉफस्टॉल यांनी राउटरवर दुरून लक्ष ठेवण्याची एक साधी पद्धत मांडली. तिच्यातूनच पुढच्या वर्षी एसएनएमपी हा प्रोटोकॉल तयार झाला. इंटरनेटच्या मार्गदर्शक मंडळाने एप्रिल १९८८ मध्ये दिलेली शिफारस आज वाचताना गंमत वाटते : नजीकच्या काळासाठी एसएनएमपी वापरावा, दीर्घकाळासाठी मात्र ओएसआयच्या सीएमआयपी या परिपूर्ण पद्धतीकडे वळावे. प्रत्यक्षात ते वळण कधी आलेच नाही. साधी पद्धत लहानशा राउटरमध्येही सहज बसत होती. परिपूर्ण पद्धत मात्र उपकरणांवर फार मोठा भार टाकत होती.

एसएनएमपीचे कार्य घरातील विजेच्या मीटरसारखे आहे. स्विच किंवा राउटर प्रत्येक पोर्टवरून गेलेले बाइट मोजत राहतो. देखरेख करणारा संगणक ठरावीक वेळाने तो आकडा विचारतो आणि दोन नोंदींतील फरकाला मधल्या वेळेने भागून वेग काढतो. मूळ मोजणी ३२ बिटांची होती, म्हणजे आकडा ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत पोहोचला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. मुंबई-अमेरिका दुव्याच्या ६४ किलोबिट वेगाने, तो पूर्ण भरलेला असला तरी, तेथवर जायला सहा दिवसांहून अधिक लागले असते. सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणाऱ्या पोर्टवर हेच चक्र सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण होते. पाच मिनिटांनी एकदा आकडा विचारणाऱ्या संगणकाला मधली सर्व चक्रे दिसतच नाहीत आणि आलेख शांतपणे खोटे बोलतो. म्हणूनच पुढे ६४ बिटांचे मोजमाप आणावे लागले.

तात्पुरत्याची आणखी एक किंमत मोजावी लागली. पहिल्या आवृत्तीत ओळख पटवण्यासाठी फक्त एक शब्द असे, आणि तो जाळ्यावरून उघड्या अक्षरांत जाई. अनेक उपकरणे तर ‘पब्लिक’ हा एकच शब्द घेऊन कारखान्यातून बाहेर पडत आणि कोणी तो बदलतही नसे. गुप्तता व ओळख यांची नीट सोय असलेली तिसरी आवृत्ती २००२ मध्ये पूर्ण मानक ठरली, तोवर जुनी पद्धत जगभर रुजली होती.

एर्नेटला १९९० मध्ये १४४.१६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा संच मिळाला होता. त्या काळातील मोडेम कधीच भंगारात गेले, ९.६ किलोबिटच्या लाइनी इतिहासजमा झाल्या. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने संस्थांमधील वेग गिगाबिटांत नेला. पण तेव्हाची पत्त्यांची वाटणी मात्र त्या यंत्रांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकली. उपकरण पाच-दहा वर्षांत बदलते. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये घेतलेला निर्णय पुढच्या उपकरणात जसाच्या तसा उतरवला जातो.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या इतिहासातून ‘साधे ते श्रेष्ठ’ एवढाच अर्थ काढला तर तो अपुरा ठरेल. साधे आणि चालणारे जिंकते हे खरेच. परंतु ते जिंकते म्हणूनच त्यातील उणिवाही दशकानुदशके आपल्यासोबत राहतात. ‘सध्यापुरते’ म्हणून टाकलेला संकेतशब्द किंवा घाईत दिलेला पत्ता आपल्यानंतर येणाऱ्याला सांभाळावा लागणार आहे, हे लक्षात ठेवूनच तो लिहावा. आणि तो का लिहिला, याची नोंदही शेजारी ठेवावी.