साखळीचे दुसरे टोक : एक प्रस्तावना

'जादूगार' हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी अनेकांना रघुवीरांचे रंगमंचावरचे प्रयोग आठवतात. 'मांत्रिक' म्हटले की लिंबू, टाचण्या आणि अंगारा डोळ्यांसमोर येतो, आणि त्यामागोमाग 2013 सालचा जादूटोणाविरोधी कायदा. या प्रस्तावनेतले जादूगार या दोन्हींहून वेगळे आहेत, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. रंगमंचावरची जादू हातचलाखी असते, बुवाच्या दरबारातली फसवणूक असते. अद्भुतकथेच्या, म्हणजे ज्याला आता आपण सर्रास फँटसी म्हणतो त्या साहित्याच्या जगात मात्र जादू खरीच असते. तिथे दहा वर्षांचे पोर घाबरले तर घर पेटू शकते, एखादी मुलगी चिडली तर जमीन हादरू शकते. अशा माणसांना मोकळे राहू द्यावे की बंदोबस्तात ठेवावे, आणि ठेवायचेच तर तो बंदोबस्त कोणी करावा, हा आपला विषय.

हा सारा कल्पनेचा खेळ. त्यात एवढे अभ्यासण्यासारखे काय, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर माझे म्हणणे असे की प्रत्यक्ष जगात हा प्रश्न आपल्याला कधीच स्वच्छ स्वरूपात भेटत नाही. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आणि तिथली हजेरी हा आपल्या इतिहासाचा भाग आहे. 1952 साली तो कायदा रद्द झाला तरी त्याची सावली किती लांब पडली, हे लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको. त्या कायद्याबद्दल बोलताना आपले काम एका अर्थाने सोपे असते. आरोपच खोटा होता, म्हणून कुंपणही अन्यायाचे होते. फँटसी हा आधार काढून घेते. समजा, धोका खरा आहे, ती म्हणते. समजा, हे मूल खरोखरच गाव बेचिराख करू शकते. आता सांगा, तारेचे कुंपण घालाल?

या एका प्रश्नासाठी मी या साहित्याकडे पुन्हा पुन्हा जातो. तुम्हीही यावे, अशी इच्छा आहे.

नव्या वाचकाने आत शिरताना वाट कोणती धरावी? या कथांमध्ये युद्धे असतात, नकाशे असतात, उच्चारायला अवघड अशी शेकडो नावे असतात. त्यात हरवायला होते. माझी सूचना साधी आहे. त्या मुलाला न्यायला कोणीतरी येते, तो दिवस शोधा. जवळजवळ प्रत्येक कथेत तो असतो. दारात कोण उभे आहे, आईबाप काय करतात, मुलाला कोणी काही विचारते का, एवढे नीट वाचले तरी त्या जगाची सारी राज्यव्यवस्था उमगते.

उर्सुला ले ग्विन यांच्या 1968 च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीतला गेड हा गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा, आईविना वाढलेला, शेळ्या राखणारा पोरगा. त्याच्या गावावर शत्रू चालून येतात, तेव्हा तो धुके उभे करून गाव वाचवतो. बातमी पसरते आणि ऑगियन नावाचा वृद्ध, अबोल जादूगार त्याला शिष्य म्हणून घेऊन जातो. पुढे पोराची घाई ऑगियनच्या लक्षात येते, तेव्हा तो त्याला सरळ विचारतो : इथे माझ्याजवळ राहतोस की रोक बेटावरच्या विद्यालयात जातोस? गेड विद्यालय निवडतो. तिथे तो ईर्षेपोटी मेलेल्या माणसाला हाक मारण्याचे धाडस करतो आणि त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते. ती फट बुजवताना विद्यालयाचा प्रमुख प्राण गमावतो. स्वातंत्र्याची किंमत ले ग्विन लपवत नाहीत. तरीही त्यांच्या जगात या चुकीनंतर बेडी येत नाही; गेडचे शिक्षण पुढे चालू राहते आणि सावलीचे काय करायचे हे त्याचे त्यालाच शोधावे लागते.

आता एन. के. जेमिसिन यांच्या 2015 च्या 'द फिफ्थ सीझन'मधली दमाया पाहा. तिच्या जगात भूकंप ही रोजची भीती आहे आणि काही माणसांना जन्मतःच जमिनीचे कंप आवरण्याची, किंवा उठवण्याची, शक्ती असते. आपली मुलगी तशी आहे हे कळताच आईबाप तिला थंडीत गोठ्यात कोंडतात. मग तिला न्यायला पालक येतो. त्याचे अधिकृत पदच 'गार्डियन' आहे. तो प्रेमळ बोलतो, तिला घोड्यावर आपल्यापुढे बसवतो, वाटेत गोष्ट सांगतो. गोष्ट संपत आली की तिचा हात हातात घेतो आणि शांतपणे त्याची हाडे मोडतो. एवढ्या वेदनेतही तिने शक्ती आवरली तर ती जगायला लायक. आणि हे सारे तिच्यावरच्या प्रेमापोटी चालले आहे, असेही तो तिला सांगतो. मी हे प्रकरण अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी त्या मोडलेल्या हातापेक्षा तो गोड आवाज जास्त छळतो. याच कादंबरीत पुढे रस्त्याकडेची ठाणी येतात, जिथे बसून कोणीतरी आसपासचे धक्के शमवत असते. तिथे कोण बसलेले असते, हे मी सांगणार नाही. ती खोली वाचकांनी स्वतः उघडावी.

तिसरे मूल कॉनर. तो पुस्तकातला नाही, बायोवेअर कंपनीच्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' या 2009 च्या व्हिडिओ गेममधला आहे. गेमला साहित्याच्या पंगतीत बसवावे का, या वादात इथे शिरत नाही. पण नियंत्रण की स्वातंत्र्य हा प्रश्न इतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणत्याही गेममालिकेने लावून धरल्याचे मला ठाऊक नाही. त्या जगातल्या बहुतेक राज्यांत जादूगाराला धर्मपीठाच्या देखरेखीखालच्या मनोऱ्यात राहावे लागते. पळून गेल्यास माग काढता यावा म्हणून त्याचे रक्त कुपीत जपून ठेवतात. वयात आल्यावर त्याची पिशाच्चाशी गाठ घालून परीक्षा घेतात, आणि तो हरला तर ठार करायला टेम्पलर नावाचे शिपाई बाजूला तलवार घेऊन उभे असतात. ज्याच्याबद्दल खात्री वाटत नाही त्याच्या भावना आणि स्वप्ने कायमची तोडून टाकतात आणि कपाळावर सूर्याचा डाग देतात. कॉनर हा सरदाराचा मुलगा. त्याला मनोऱ्यात नेतील या धास्तीने आई त्याची शक्ती लपवते आणि चोरून एक पळपुटा शिक्षक ठेवते. तो शिक्षक वडिलांवर विषप्रयोग करतो, आणि वडिलांना वाचवण्यासाठी पोरगा पिशाच्चाशी सौदा करून बसतो. मग रोज रात्री मेलेली माणसे उठून गावावर चालून येऊ लागतात.

इथे निर्णय खेळणाऱ्यालाच घ्यावा लागतो. मुलाला मारावे, की आई स्वतःचे रक्त द्यायला तयार आहे ते घ्यावे? तिसरी वाटही आहे : मनोऱ्यातल्या जादूगारांची मदत आणायची. म्हणजे ज्या संस्थेपासून आईने मुलाला लपवले, तिच्याचकडे दोघांनाही वाचवण्याचे ज्ञान आहे. त्या आईला दोष देणे मला जमलेले नाही. मनोरा निव्वळ दुष्ट आहे असेही मग म्हणता येत नाही. तिथले शिक्षण भयाशिवाय मिळाले असते तर तिला लपवालपवी करावी लागली नसती, एवढे मात्र खरे.

मुलांकडे पाहून झाले की दुसरी पायरी राखणदारांकडे पाहण्याची. नवा वाचक बहुधा ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याच्याकडेच पाहत राहतो. या लेखनातला सखोल विचार मला साखळीच्या दुसऱ्या टोकाला सापडला. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या चौदा खंडांच्या मालिकेत शॉनचन नावाचे साम्राज्य आहे. तिथे शक्ती असलेल्या स्त्रियांच्या गळ्यात धातूचा पट्टा अडकवतात. साखळीचे दुसरे टोक एका कड्याला जोडलेले असते आणि ते कडे राखणदार स्त्री मनगटात घालते. तिला हवे तेव्हा बंदिवान स्त्रीला वेदना देता येतात. राखणदार कामावरून सुटली की कडे काढून खुंटीला अडकवते आणि निघून जाते. पट्ट्यातल्या स्त्रीला ते खुंटीवरून काढणे तर दूरच, त्याच्यापासून चार पावले लांबही जाता येत नाही. रिकामे कडे पुरेसे असते. 1990 च्या 'द ग्रेट हंट' या दुसऱ्या खंडातच यामागचे रहस्य फुटते. कडे चालवू शकणाऱ्या स्त्रियांमध्येही तीच शक्ती सुप्त असते. शिकवले तर त्याही ती वापरू शकतील. पट्टा त्यांच्या गळ्यात घातला तर तो त्यांनाही तसाच जखडतो. सारे साम्राज्य ज्या भेदावर उभे आहे, तो भेदच नाही.

'ड्रॅगन एज'मधल्या टेम्पलरांचीही अशीच गत. जादू मोडून काढण्याचे बळ त्यांना लिरियम नावाच्या द्रव्यातून मिळते, त्याचे व्यसन लागते आणि पुरवठा धर्मपीठाच्या हाती असतो. म्हणजे मनोऱ्याच्या दारावरचा शिपाईही कोणाच्या तरी मुठीत. वाचकांनी प्रत्येक कथेत हा प्रश्न विचारत जावा : राखणदाराला कोणी बांधले आहे?

हे म्हणताना मी स्वातंत्र्याच्या बाजूने झुकतो आहे हे उघड आहे, म्हणून दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. 'ड्रॅगन एज'च्याच जगात टेव्हिंटर नावाचे राज्य आहे, तिथे जादूगार मोकळे आहेत. इतके मोकळे की तेच राज्यकर्ते आहेत आणि इतरांना गुलाम करतात. 2011 च्या दुसऱ्या भागात अँडर्स हा जादूगार तडजोडीची वाटच उरू नये म्हणून धर्मपीठाचे मंदिर उडवून देतो, आणि त्या कृत्यात हात नसलेल्या शहरातल्या साऱ्या जादूगारांच्या कत्तलीचा हुकूम निघतो. नियमन जादूगारांनीच करावे म्हणणाऱ्यांनी सुझॅना क्लार्क यांची 2004 ची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' वाचावी. त्यातला नॉरेल इंग्लंडमधली जादूची पुस्तके विकत घेऊन स्वतःच्या कपाटात कोंडतो आणि यॉर्कच्या हौशी अभ्यासकांकडून जादूचा नाद सोडल्याचे लिहून घेतो. एकजण तेवढा सही करत नाही.

मराठी वाचक या दारात रिकाम्या हातांनी येत नाही, हेही सांगायला हवे. ब्रह्मास्त्र सोडता येते पण परत घेता येत नाही असा अश्वत्थामा आपण लहानपणापासून ओळखतो. द्रोणाने ती विद्या मुलाच्या हट्टाखातर नाखुशीने दिली होती. आणि कर्ण? जात खोटी सांगून शिकला म्हणून ऐन वेळी विद्या विसरण्याचा शाप घेऊन तो रणात उतरला. एका कथेत शक्ती चुकीच्या हाती पडण्याची भीती आहे, दुसरीत शक्ती कोणाला शिकू द्यायची हे जन्मावरून ठरवण्याचा अन्याय. या दोन कथा शेजारी ठेवून वाचायची सवय ज्याला आहे, त्याला रोक काय किंवा मनोरा काय, परके वाटू नयेत.

या क्षेत्रातला एक आक्षेप मात्र सतत जवळ ठेवावा. पीडित समाजाचे रूपक म्हणून धोकादायक जादूगार दाखवले, तर पीडितांची भीती बाळगणे रास्तच होते असा अर्थ निघू शकतो. सोलापूरच्या तारेआडच्या माणसांच्या हातात भूकंप नव्हता. हा आक्षेप मला योग्य वाटतो. म्हणून अशा कथा कोणत्याही एका समाजाची गोष्ट म्हणून वाचू नयेत. भ्यालेली सत्ता कशी वागते याची गोष्ट म्हणून वाचाव्यात.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर मी 'अर्थसी'कडे बोट दाखवीन. पुस्तके लहान आहेत आणि लेखिकेने स्वतःच्या जगाची उलटतपासणी त्याच मालिकेत केली आहे. 1972 मध्ये तिसरे पुस्तक आले तेव्हा रोकचे विद्यालय जवळजवळ निर्दोष भासत होते. अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, त्या 'तेहानू' घेऊन परत आल्या आणि त्यांनी विद्यालयाच्या बंद दाराबाहेर कोण उभे आहे ते पाहिले. तिथे पुरुषांनाच प्रवेश होता. स्त्रियांची जादू गावठी, कमअस्सल आणि काहीशी अमंगळ समजली जाई. 'तेहानू' वाचून झाल्यावर पहिल्या पुस्तकाची पहिली पाने पुन्हा काढा. शेळ्यांना बोलावण्याचा पहिला शब्द गेडला रोकच्या कोणा आचार्याने दिलेला नाही. तो त्याच्या मावशीने, गावातल्या चेटकिणीने दिला. खरे नाव ठाऊक असणे हीच ज्या जगात सर्वांत मोठी शक्ती, तिथे त्या मावशीला पुस्तकात नाव नाही.