खोलीतली आजी : एका भयकथेचा प्रवास



भयकथेवर बोलायचं म्हटलं की सभेतून पहिला प्रश्न हमखास येतो : भूत असतं का? त्या प्रश्नाला आज मी हात लावणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जो माणूस भूतबित काही मानत नाही, त्यालाही रात्री पुस्तक मिटल्यावर स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवावासा का वाटतो? कागदावरची चार अक्षरं, पडद्यावरची चार चित्रं, त्यांना एवढं बळ कुठून येतं?

याचं उत्तर शोधायला मी शंभर गोष्टींची यादी वाचणार नाही. एकच गोष्ट घेतो. ती आधी छापली गेली, मग टीव्हीवर आली, मग मराठीत आली आणि शेवटी मोठ्या पडद्यावर आली. घर बदललं, देश बदलला, भाषा बदलली, पण भीती टिकली. म्हणजे या प्रवासात जे बदललं नाही, तिथेच कुठेतरी आपलं उत्तर असणार.

सुरुवात अमेरिकेत होते. स्टीफन किंग यांची ‘ग्रॅमा’ ही कथा १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात आली. कथा अगदी साधी आहे. जॉर्ज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या मोठ्या भावाचा खेळताना पाय मोडतो, आईला दवाखान्यात जावं लागतं. घरात उरतात दोघंच : जॉर्ज आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, आंधळी, भ्रमिष्ट आजी. आई सांगून जाते की ती बहुतेक झोपूनच राहील, जागी झाली तर चहा दे. बस्स. फोन बंद पडलेला आहे. दुपार कलत चालली आहे. आणि आतून येणारा आजीच्या श्वासाचा आवाज थांबतो.

आता बघा, इथपर्यंत कथेत भूत कुठे आहे? नाही. तरीही वाचक खुर्चीत सावरून बसलेला असतो. का? जॉर्ज पळून का जात नाही? दार तर उघडं आहे. कुलूप नाही, साखळी नाही. तो जात नाही, कारण आत आजी आहे आणि आईने त्याच्यावर जबाबदारी टाकली आहे. आता मी मोठा झालो, मला एकट्याला घरी ठेवलं, हा अभिमानही त्यात आहे. शिवाय मेलेल्या माणसाचं तोंड झाकायचं असतं, हे त्याने कुठेतरी ऐकलंय. म्हणून तो त्या खोलीत परत जातो. भीती वाटते म्हणून नाही, चांगला मुलगा आहे म्हणून जातो.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात हेच आहे. भयकथा चालते ती भुतामुळे नव्हे. सुटकेची वाट नात्याने किंवा कर्तव्याने बंद केलेली असते, म्हणून ती चालते. दाराला कुलूप असेल तर ती फक्त अडचण झाली. कुलूप तोडता येतं. पण ‘ही आपली आजी आहे’ हे वाक्य तोडता येत नाही.

किंग यांना हे कुठून सुचलं असेल, याचा एक धागा त्यांच्या चरित्रात आहे. ते अकरा वर्षांचे असताना त्यांची आई मुलांना घेऊन मेन राज्यातल्या डरॅम गावी राहायला गेली, ती आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करण्यासाठी. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असणं म्हणजे काय, हे त्या मुलाने जवळून पाहिलं होतं. औषधांचा वास, रात्रीची हाक, आईच्या चेहऱ्यावरचा थकवा. आणि मुलांच्या मनात येणारी ती गोष्ट, जी कुणाजवळ बोलता येत नाही : मला या माणसाची किळस येते आणि त्याची मला लाज वाटते. आपल्याकडच्या किती घरांतल्या मुलांना हे ठाऊक आहे! भयकथा नेमकी या न बोललेल्या जागेवर बोट ठेवते.

आता टीव्ही. १९८६ साली ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या नव्या पर्वात ‘ग्रॅमा’ दाखवली गेली. पटकथा हार्लन एलिसन यांची. इथे एक पेच होता. पुस्तकात भीती मुलाच्या डोक्यात चालते. तो आठवतो, अंदाज बांधतो, स्वतःची समजूत घालतो. कॅमेऱ्याला डोकं दिसत नाही, चेहराच दिसतो. मग मुलाचे विचार त्याच्याच आवाजात ऐकवायचे, असा मार्ग काढला गेला. घरात कुणी बोलत नाही आणि तरी एक घाबरलेला आवाज सतत चालू आहे. टीव्ही आपण आपल्याच घरात, आपल्याच दिवाणखान्यात बसून बघतो. तिथे तो आवाज जवळून येतो.

आपल्याकडच्या मालिकांनाही हे कळलेलं आहे. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा तिचा पाया काय होता? कोकणातला वाडा, वडिलांचा मृत्यू आणि त्यानिमित्ताने जमलेली भावंडं. कुणालाच उठून जाता येत नाही, कारण कार्य उरकायचंय, इस्टेटीचं बघायचंय. इथेही दार उघडंच होतं.

या गोष्टीत आणखी एक वस्तू आहे, जिचा प्रवास मला फार गमतीचा वाटतो. ती वस्तू म्हणजे एक नाव. किंग यांच्या कथेत उठून बसलेल्या आजीला परत झोपवायचं असेल, तर एक नाव घ्यावं लागतं : हास्टर. हे नाव किंग यांचं नाही. ते अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांच्याकडून आलं. त्यांच्या ‘हाइता द शेफर्ड’ या कथेत हास्टर हा मेंढपाळांचा देव आहे. भला, प्रार्थना ऐकणारा. मग १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्स यांनी ‘द किंग इन यलो’ या पुस्तकात ते नाव उचललं आणि त्याचा अर्थ मुद्दामच धूसर ठेवला. १९३१ मध्ये लव्हक्राफ्ट यांनी ते आपल्या एका कथेतल्या गूढ नावांच्या यादीत टाकून दिलं, स्पष्टीकरण न देता. पुढे ऑगस्ट डर्लेथ यांनी त्याचं पार अक्राळविक्राळ दैवत केलं. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत मेंढपाळांच्या देवाचा राक्षस झाला!

यात भयकथेचा एक नियम दडलेला आहे. नावाचा अर्थ जितका कमी सांगाल, तितकं ते नाव जड होतं. पण नावाबरोबर एक शिस्त मात्र लागते : अमुक केलं तर ती झोपते, तमुक केलं तर उठते. नियम नसेल तर भीतीही नाही. काहीही होऊ शकतं म्हटल्यावर माणूस घाबरणं सोडून देतो.

आपल्या लोककथांना हे छापखान्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. मुंजा पिंपळावर राहतो. मुंज झाली पण लग्नाआधी मेला, त्याचा मुंजा. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ. पाण्यात गिऱ्हा. समंध धनावर बसून राहतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाचं काहीतरी अपुरं राहिलेलं. ही नुसती भुतांची यादी नाही, आपल्या समाजात कुणाचं काय द्यायचं राहून गेलं, याची ती वहीच आहे.

आता गोष्ट मराठीत येते. नारायण धारप (१९२५–२००८) हे नाव इथे बसलेल्या बहुतेकांना सांगायला नको. लायब्ररीतून त्यांचं पुस्तक आणायचं आणि घरातल्यांनी पाळीपाळीने वाचायचं, असा एक काळ होता. धारपांनी इंग्रजी भयकथा मन लावून वाचल्या होत्या. त्यांच्या ‘लुचाई’मागे किंग यांची ‘सालेम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’ आहे. आणि त्यांच्या ‘आजी’ या कथेवर ‘ग्रॅमा’ची छाया आहे. यावर नाकं मुरडणारे मुरडतात. मला मात्र एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘ग्रॅमा’ला मराठीत आणताना नातं मुद्दाम रुजवावं लागत नाही. माजघराच्या आतल्या खोलीत कण्हणारी आजी आपल्या वाचकाच्या घरात आधीपासूनच होती.

पुढचा टप्पा कागदावरचा नाही, तोंडी आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची कथा राही अनिल बर्वे या शाळकरी मुलाला सांगितली. तो विलक्षण घाबरला. १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने पहिला खर्डा लिहिला. तो चित्रपट होऊन १२ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झाला : ‘तुंबाड’. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. पाहा, पुस्तक, टीव्ही, पुन्हा पुस्तक, मग रात्रीच्या जंगलात तोंडी सांगितलेली गोष्ट आणि मग सिनेमा. भयकथा अशीच चालते. शेकोटी तिला अजून सोडवत नाही.

‘तुंबाड’ची सुरुवात १९१८ मधली. पाऊस, पडका वाडा, आई आणि दोन मुलं. धाकटा जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते, विनायक घरी उरतो. आत साखळदंडाने बांधलेली घराण्यातली शापित म्हातारी. तिला जेवू घालायचं आणि ती जागी झाली तर हस्तरचं नाव घेऊन झोपवायचं. तेच घर, तीच आजी, तेच नाव, फक्त हास्टरचा हस्तर झालाय.

हे नाव आपल्या एकाही पुराणात नाही. तरी थिएटरात कुणी विचारलं नाही की हा कोण नवा देव. असं का झालं असेल? आपल्या घरात पोराला झोपवताना आजी म्हणते, झोप, नाहीतर बागुलबुवा येईल. इथे ते उलटं झालंय. पोर आजीला झोपवतंय, तेच भय दाखवून. ज्या तोंडातून अंगाई यायची त्या तोंडाची भीती वाटते, आणि अंगाई म्हणायची पाळी मुलावर येते. ही उलटापालट प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे चित्रपट नियमांचा खेळ फार हिशोबाने खेळतो. हस्तरला धान्याची भूक आहे, म्हणून कणकेची बाहुली न्यायची. तो ती खाण्यात गुंतला की सोन्याच्या मोहरा काढून घ्यायच्या. नियम आपल्याला कळलाय, त्यामुळे बापलेक एका बाहुलीऐवजी अनेक बाहुल्या घेऊन उतरतात तेव्हा पुढे काय होणार, हे आपल्याला त्यांच्याआधी कळतं. प्रेक्षक घाबरतो तो न कळल्यामुळे नव्हे, आधीच कळल्यामुळे.

पण मला सगळ्यात भयंकर वाटतो तो वेगळाच प्रसंग. विनायक मोठा होऊन परत येतो. म्हातारी अजून तिथेच आहे, तिच्या देहातून झाड उगवलंय. तिला सुटका हवी आहे. आणि तो सुटका देतो, पण खजिन्याच्या माहितीच्या बदल्यात. तिथे किंचाळी नाही की दचकवणारा आवाज नाही. आहे तो फक्त सौदा. लहानपणी ज्या नात्याने त्याला त्या घरात अडकवलं होतं, ते नातं आता त्याने मोडीत काढलंय. भूत कोण, याचं उत्तर त्या क्षणी बदलतं.

आता एक अवघड मुद्दा, आणि तो टाळून मला खाली बसता येणार नाही. म्हातारी, एकटी, आजारी बाई म्हणजे भीती, हे समीकरण गोष्टीत रंजक वाटतं. गोष्टीबाहेर त्याने माणसं मेली आहेत. चेटूक केलं, करणी केली म्हणून बायकांना मारहाण झाली, गावातून हाकललं गेलं. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचं जगणं अवघड करणं हाही गुन्हा ठरवला, तो उगाच नाही. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला झाला.

मग भयकथा लिहू नये का? मला तसं वाटत नाही. पण एक कसोटी लावता येते. सुमार भयकथा आपल्याला सांगते की भीतीचं कारण ती म्हातारी आहे. चांगली भयकथा विचारते की तिला त्या खोलीत कुणी ठेवलं आणि दार लावून बाहेर कोण बसलंय. पहिली ऐकून आपण आजीला घाबरतो. दुसरी ऐकून आपण आजीच्या खोलीत जाऊन बसतो, निदान तिचं पाणी संपलंय का एवढं तरी बघतो.

भूत असतं का, असं आता कुणी विचारलंच, तर मी उलट विचारेन : तुमच्या घरातल्या आतल्या खोलीत कोण आहे, आणि तुम्ही शेवटचं तिथे कधी गेला होतात?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.