मटक्याचा ‘चार्ट’ आणि कापसाचा भाव

धाराशिव जिल्हा पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत ‘कल्याण मटका’ हे शब्द आजही आढळतात. टपरीमागे आकडा लावणाऱ्याच्या हाती बहुधा ‘चार्ट’ असतो : जुन्या जोड्यांचा तक्ता, त्यावरून पुढचा आकडा ताडायचा. ही विद्या खरी किती?

मटक्याचे मूळ कापसात. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत. त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी, तर १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. पुढे भावाची जागा पत्त्यांनी घेतली : तीन पत्त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक ‘ओपन’, पुन्हा तीन पत्ते, तो ‘क्लोज’, आणि दोहोंची ‘जोडी’.

कापसामागे निदान दूरचा बाजार होता. पत्त्यांना कालचा आकडा आठवत नाही. चार्टचा सारा डोलारा मात्र त्याच आठवणीवर उभा! (पत्ते काढणाराच लबाड असेल, तर चार्ट त्याहून निरुपयोगी.)

एकेरी अंक दहांतून एकदा लागणार, मिळणार रुपयास नऊ. जोडी शंभरांतून एकदा, मिळणार नव्वद. कोणतीही पद्धत वापरा, शंभरामागे सरासरी दहा रुपये बुकीचे.

चार्ट विकणाऱ्याची कमाई मात्र आकड्यावर अवलंबून नसते. जुगाराला साहाय्य व्हावे म्हणून असा मजकूर छापणाऱ्या-वाटणाऱ्यालाही विनावॉरंट अटक करण्याची तरतूद १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२(अ) मध्ये आहे.