विलंबित कॉलबॅक
विलंबित कॉलबॅक : एखादे काम ताबडतोब न करता ठराविक अवधीनंतर अथवा हाती असलेले काम संपल्यावर पार पाडावे, यासाठी संगणकाच्या आज्ञावलीत आगाऊ नोंदविलेली क्रिया. कळफलक, माउस, कालमापक इत्यादींकडून येणाऱ्या सूचनांना ‘घटना’ म्हणतात. त्या एका रांगेत जमा होतात व एकच थ्रेड, म्हणजे आज्ञा क्रमाने पार पाडणारा प्रवाह, त्या एकेक करून हाताळतो. मुदत भरताच विलंबित क्रियेलाही या रांगेतूनच आपली पाळी मिळते.

उगम : या कल्पनेचे एक मूळ सदृशीकरणात आढळते. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्यूटिंग सेंटरमध्ये उले-युहान दाल व क्रिस्तेन निगॉर यांनी विकसित केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत वर्ग व वस्तू या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीच्या मूलभूत संकल्पना प्रथम आल्या. तीत भावी घटनांची कालक्रमानुसार यादी ठेवली जाई आणि ‘होल्ड’ या आज्ञेने एखादी प्रक्रिया ठराविक काळ थांबविता येई. हा काळ मात्र घड्याळाचा नसून कल्पित असे. या कार्याबद्दल दोघांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

विकास : १९७० नंतरच्या दशकात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषा घडविली. स्मॉलटॉक-८० मध्ये विलंब हीच एक वस्तू होती. मॅकिंटॉश (१९८४) व विंडोज (१९८५) यांच्यामुळे घटनांची रांग सर्वसामान्य संगणकांवर रुळली. नेक्स्टस्टेप प्रणालीच्या परंपरेत ठराविक अवधीनंतर वस्तूकडे संदेश धाडण्याची सोय झाली.

एक थ्रेड की अनेक, हा यातील कळीचा प्रश्न होता. जावा भाषेतील एडब्ल्यूटी या पहिल्या चित्रमय साधनसंचात अनेक थ्रेडांना मुभा देण्याचा प्रयत्न झाला. तथापि वापरकर्त्याच्या घटना यंत्रणेकडून आज्ञावलीकडे, तर आज्ञावलीच्या विनंत्या उलट दिशेने जातात. त्यामुळे सामायिक माहितीच्या रक्षणार्थ लावलेली कुलुपे विरुद्ध क्रमाने घेतली जाऊन परस्परकोंडी होते. ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये एका लेखात या अडचणीची मीमांसा केली. १९९८ मध्ये जावाच्या १.२ या आवृत्तीबरोबर आलेल्या स्विंगने एका थ्रेडचा नियम स्वीकारला. इतर थ्रेडांनी ‘इन्व्होकलेटर’ या पद्धतीने आपले काम रांगेत टाकावे व पुढे जावे, असे ठरले.

मर्यादा : दिलेला अवधी हा किमान असतो. शंभर मिलिसेकंदांनंतर नेमलेली क्रिया रांगेतील आधीचे काम लांबल्यास दोन सेकंदांनीही होऊ शकते. प्रदीर्घ काम याच थ्रेडवर केल्यास पडदा गोठतो. अँड्रॉइड प्रणालीत (२००८) स्पर्शासारख्या घटनेस साधारणपणे पाच सेकंदांत प्रतिसाद न मिळाल्यास ‘आज्ञावली प्रतिसाद देत नाही’ असे घोषित होते. तसेच खिडकी बंद झाल्यावरही नोंदविलेली क्रिया मागे राहिली, तर संबंधित वस्तू स्मृतीत अडकून पडते. म्हणून वस्तूचे काम संपताच तिच्या प्रलंबित नोंदी रद्द करणे आवश्यक ठरते.